चित्र न काढणारा डिझायनर: एलिओ फिओरुच्ची यांनी नेमकं काय केलं?

प्रश्न असा आहे: ‘फिओरुच्ची’ हा इटालियन फॅशन ब्रँड आणि त्याची दुकानं उभी करणारे एलिओ फिओरुच्ची स्वतः स्केच काढत बसणारे नव्हते, कात्री हातात घेऊन पॅटर्न (कपड्याच्या भागांचे कागदी नमुने) कापणारे तर नव्हतेच. मग त्यांना डिझायनर का म्हणायचं, आणि आज फॅशन शिकणाऱ्याने किंवा स्वतःचं दुकान काढणाऱ्याने त्यांच्याकडून काय उचलायचं?

त्यांचं काम होतं निवडण्याचं. माल कुठून आणायचा, तो कुठल्या मालाशेजारी टांगायचा, आणि एखादी वस्तू चालतेय असं दिसलं की ती स्वतः कशी बनवून घ्यायची, या तीन गोष्टींवर त्यांचं सगळं करिअर उभं आहे. आपल्या धंद्याच्या भाषेत बायर, मर्चंडायझर आणि प्रॉडक्ट डेव्हलपर एकाच माणसात. कॉलेजात ही तिन्ही कामं डिझाइनच्या खालची मानली जातात, म्हणून हा प्रश्न पडतो. फिओरुच्चींच्या बाबतीत तीच डिझाइन होती.

त्यांचा जन्म १९३५चा, मिलानचा. वडिलांचं चपला-बुटांचं दुकान; पोरवयातच ते त्या काउंटरवर उभे राहिले. पहिली गाजलेली वस्तू १९६२ची, आणि तीही बुटांशीच संबंधित: भडक रंगांतले गॅलोश. गॅलोश म्हणजे पावसाचिखलात चामडी बूट खराब होऊ नयेत म्हणून त्यावरून चढवायचं रबरी आवरण. वस्तू मुळात म्हाताऱ्या माणसांची आणि काळ्या रंगाची. फिओरुच्चींनी आकाराला हातही न लावता ती उजळ मूळ रंगांत काढली, एका फॅशन साप्ताहिकात छापून आणली आणि तिची चर्चा झाली.

इथे थांबून खर्चाचा हिशेब बघा. रबराच्या किंवा प्लास्टिकच्या वस्तूत सगळ्यात महाग भाग साचा. नवा आकार म्हणजे नवा साचा, आणि बुटांत तर प्रत्येक मापाला वेगळी जोडी. रंग बदलायला मात्र फक्त मिश्रणातला रंगद्रव्याचा भाग बदलावा लागतो. साचा तोच, मशीन तेच, कारागीर तोच. म्हणजे कमीत कमी गुंतवणुकीत नवी वस्तू. माल पडून राहिला तरी नुकसान एका घाण्यापुरतं. फिओरुच्चींच्या पुढच्या पंचवीस वर्षांतल्या बहुतेक यशस्वी वस्तू याच जातीच्या आहेत: ओळखीची, कामाची, जरा दुर्लक्षित वस्तू घ्यायची आणि तिचा एकच गुण बदलायचा. कधी रंग, कधी कापड, कधी फक्त ती ठेवायची जागा. दोन गुण एकदम बदलले की गिऱ्हाईक वस्तू ओळखत नाही आणि हात लावत नाही. नवशिक्यांची कलेक्शन्स बहुतेक इथेच पडतात.

१९६५ साली त्यांनी लंडन पाहिलं. कार्नेबी स्ट्रीटवर अठरा-वीस वर्षांची पोरं स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पसंतीने कपडे घेत होती. मिलानमध्ये तेव्हा या वयाच्या मुलींना पर्याय दोनच: आईसारखं दिसायचं किंवा शाळकरी. ३१ मे १९६७ रोजी सान बाबिला चौकाजवळच्या गालेरिया पासारेल्लामध्ये त्यांनी दुकान उघडलं. आतली रचना आमालिया देल पोन्ते या शिल्पकार बाईंची. उद्घाटनाला गायक आद्रियानो चेलेन्तानो गुलाबी कॅडिलॅकमधून आले. माल सुरुवातीला लंडनचा, ओसी क्लार्क आणि झँड्रा ऱ्होड्स यांच्यासारख्या ब्रिटिश डिझायनरांचा.

पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, त्यांची नजर पूर्वेकडे वळली. भारतातून स्वस्त टी-शर्ट त्यांनी मागवले आणि तांदळाच्या पोत्यांच्या बॅगा करून विकल्या. आपल्याकडे ज्या पोत्याचा शेवट पायपुसण्यात होतो, ते मिलानच्या सगळ्यात झगमगीत चौकात काउंटरवर गेलं. गंमत सोडली तरी यात शिकण्यासारखं आहे, कारण पोत्याच्या बॅगा आजही अनेक जण करतात आणि त्याच त्याच चुका करतात. पोत्याचं विणकाम सैल असतं, कापलं की कड उसवत जाते. त्यामुळे शिलाईला दीड सेंटिमीटर जागा सोडून कडेला पट्टी मारावीच लागते. आतून सुती अस्तर नसेल तर तंतू कपड्यांना चिकटतात. आणि मुख्य म्हणजे, विकला जातो तो पोत्यावरचा छाप. एका पोत्यातून चार बॅगा काढायच्या हव्यासात छाप मधोमध कापला जातो आणि हातात नुसतं गोणपाट उरतं. दोनच काढा, छाप दर्शनी बाजूला मधोमध येऊ द्या.

१९७० पासून ते स्वतःचं उत्पादन करू लागले आणि इतालो लुपी यांनी घडवलेले दोन पंखवाले बालदेवदूत हे बोधचिन्ह आलं. राफाएलच्या जगप्रसिद्ध चित्रातली ती दोन पोरं, व्हिक्टोरियन छपाईच्या ढंगात. हेही निवडणंच: चित्र सगळ्यांच्या डोळ्यांत आधीच बसलेलं, त्याला फक्त जागा नवी दिली.

१९७४ मध्ये धंद्याचं माप बदललं. मोंतेदिसोन या बड्या उद्योगसमूहाने पैसा घातला, निम्मी मालकी घेतली, आणि व्हिया तोरीनोवर भलं मोठं दुकान उघडलं. तिथे कपड्यांबरोबर पुस्तकं, फर्निचर, संगीत, जुन्या कपड्यांचा बाजार, कार्यक्रमांची जागा आणि खानावळ. पन्नास वर्षांनंतर ज्याला सगळे ‘कॉन्सेप्ट स्टोअर’ म्हणून नवलाने सांगतात, ते हेच. लंडनमध्ये किंग्ज रोडचं दुकान १९७५चं, न्यूयॉर्कमध्ये पूर्व ५९व्या रस्त्यावरचं १९७६चं. न्यूयॉर्कच्या दुकानावर एत्तोरे सोत्तसास, आंद्रेआ ब्रांझी आणि फ्रांको माराबेल्ली या इटालियन डिझायनरांनी काम केलं. वर्षभरात शहरात स्टुडिओ ५४ हा डिस्को सुरू झाला, तर फिओरुच्चींच्या दुकानाला लोक ‘दिवसाचं स्टुडिओ ५४’ म्हणू लागले. मोठ्याने संगीत, फुकट कॉफी, काउंटरवर नाचणारे विक्रेते. खरेदी न करताही पोरं तासन्‌तास पडून असत.

जुन्या दुकानदाराला हे परवडणारं वाटणार नाही, आणि प्रत्येक दुकानाला ते परवडतही नाही. हे गणित दोन अटींवर चालतं. एक, दारातून आत आलेल्याला खिशातल्या सुट्ट्या पैशांत काहीतरी घेता आलं पाहिजे: बिल्ला, स्टिकर, प्लास्टिकचं कानातलं. महागडं जॅकेट दहातला एक घेईल, पण बाकीचे नऊ जण बोधचिन्ह छापलेली पिशवी घेऊन रस्त्यावर उतरले पाहिजेत, जाहिरात ती. दुसरी अट, माल सतत बदलता हवा. गर्दी रोजचीच असेल तर महिनाभर तोच माल टांगून चालत नाही. अशा दुकानात एका डिझाइनचे पहिल्या खेपेला थोडेच नग घ्यायचे आणि पहिल्या दहा दिवसांत निम्म्याहून जास्त गेले तरच पुन्हा मागवायचे; नाही गेले तर लगेच भाव पाडून जागा मोकळी करायची. थोडं थांबून पाहू म्हणणाऱ्याच्या गोदामात डेड स्टॉक, म्हणजे न खपलेला माल, साठतो, आणि तरुणांच्या मालात तो जितका जुना होतो तितका वेगाने मरतो.

आता जीन्सकडे येऊ, कारण आज तुम्ही-आम्ही अंगात घालतो ती वस्तू इथे आहे. सत्तरच्या दशकापर्यंत डेनिम म्हणजे मुळात कामगाराचं जाड सुती कापड, कट बहुतेक पुरुषी. फिओरुच्चींनी ती बाईच्या अंगाला बसेल अशी घट्ट केली. घट्ट कॉटन डेनिमची अडचण घालणाऱ्याला ठाऊक असते: उभं असताना छान, बसलं की कंबरेत रुततं, आणि झिप लावायला पलंगावर आडवं पडावं लागतं. १९८२ मध्ये त्यांनी लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा कृत्रिम तंतू, घातलेली पाच खिशांची जीन्स बाजारात आणली. जगातली पहिली स्ट्रेच जीन्स म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ‘पहिली’ या शब्दावर वाद घालता येईल. लायक्रा काही नवा नव्हता. ड्यूपॉन्ट या अमेरिकन रसायन कंपनीत तो १९५८ सालीच तयार झाला होता आणि तोवर अंतर्वस्त्रांत, पोहण्याच्या कपड्यांत जात होता. पुन्हा तेच: वस्तू ओळखीची, बदललेला गुण एक.

स्ट्रेच डेनिम आतून कसं असतं ते समजलं की त्यातली बिघडणारी जागाही कळते. लायक्राचा बारीक तंतू मध्ये आणि भोवती कापूस गुंडाळलेला, असं सूत काततात. हे सूत फक्त आडव्या धाग्यात जातं. उभा धागा, म्हणजे निळीत रंगवलेला, साधा सुती. म्हणून जीन्स रुंदीत ताणते, लांबीत नाही. प्रमाण वजनाच्या साधारण १ ते ३ टक्के. एवढ्याशानेच सगळा फरक पडतो, आणि प्रमाण वाढवलं म्हणजे फिटिंग चांगलं होतं हा गैरसमज आहे. ते सूत कसं कातलं आणि कापड उष्णतेने नीट बसवलं की नाही, यावर जास्त अवलंबून असतं.

कारखान्यात पहिली चूक कटिंगच्या टेबलावर होते. ताग्यावर गुंडाळलेलं स्ट्रेच कापड ताणलेल्या स्थितीत असतं. ताग्यावरून काढून लगेच थर लावले आणि कापले की तुकडे टेबलावरच आक्रसतात, आणि अठ्ठावीसची जीन्स सव्वीस होऊन बाहेर येते. कापड मोकळं पसरून किमान २४ तास पडू द्यायचं, थर लावताना ओढायचं नाही. दुसरं, पॅटर्न काढण्याआधी त्याच लॉटच्या कापडाचा तुकडा, कडा ओव्हरलॉक करून, खऱ्या वॉशिंगला पाठवायचा. स्ट्रेच डेनिम धुतल्यावर रुंदीत दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त आत येऊ शकतं, आणि प्रत्येक लॉटचं माप वेगळं. एका लॉटचा पॅटर्न दुसऱ्याला लावला की माल परत आलाच म्हणून समजा.

तिसरी चूक गिऱ्हाईकाला दिसते: दुपारपर्यंत गुडघे बाहेर येतात आणि सीट, म्हणजे मागची बसायची बाजू, लोंबते. याचा अर्थ कापड ताणतं पण परत येत नाही. तपासणी सोपी आहे. आडव्या दिशेला १० सेंटिमीटरची खूण करा, घालताना जितकं ताणलं जाईल तितकं ताणून अर्धा तास धरून ठेवा, सोडा, आणि आणखी अर्ध्या तासाने मोजा. १०.३ च्या आत आलं तर ठीक. त्याच्या वर राहिलं तर ते कापड घट्ट जीन्सला वापरू नका, सैल कटला चालेल.

शिवताना टोक गोलसर असलेली सुई लागते. धारदार टोकाची सुई लायक्राचा तंतू कापते. मग दोन-चार धुण्यांनंतर शिलाईजवळून पांढरे केस बाहेर येतात आणि कापड तिथे लहरतं. सीटच्या शिलाईला साखळी टाका (चेन स्टिच) आणि पॉलिस्टर गाभ्याचा दोरा वापरा. साधा लॉक टाका ताणला गेला की तुटतो. वॉशिंगला क्लोरिन ब्लीच देऊ नका, त्याने लायक्रा मरतो. घरी धुतानाही तेच: ब्लीच नाही, गरम ड्रायर नाही, उलटी करून सावलीत वाळवायची.

डेनिम वगळता फिओरुच्चींच्या दुकानातला भडक माल, म्हणजे व्हिनाइलच्या (चकचकीत प्लास्टिक कापडाच्या) पँटी आणि फ्लुरोसंट रंग, आज पुन्हा कॉलेजच्या प्रोजेक्टांत दिसतो म्हणून दोन सूचना. व्हिनाइलला टाचणी लावायची नाही, भोक कायमचं राहतं. क्लिप वापरा आणि टाका ३.५ ते ४ मिलिमीटर ठेवा. बारीक टाक्याने भोकांची रांग पडते आणि कापड तिकीट फाटावं तसं त्या रेषेत फाटतं. ठेवताना व्हिनाइलला व्हिनाइल लागू देऊ नका, मध्ये पातळ कागद घाला. नाहीतर त्यातला मऊपणा देणारा द्रव सुटून पृष्ठभाग चिकट होतो आणि एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. फ्लुरोसंट रंग उन्हात फार लवकर उडतात. काचेच्या शोकेसमधला नग विक्रीचा धरायचाच नाही.

प्रतिमांचा वापर हा त्यांच्या कामाचा आणखी एक भाग. ओलिव्हिएरो तोस्कानी यांनी त्यांच्यासाठी फोटो काढले, ते बेनेटन या इटालियन कपडे कंपनीच्या जाहिरातींमुळे जगभर माहीत होण्याच्या बरेच आधी. १९८१ मध्ये डिस्नेचा परवाना घेऊन मिकी माऊस मोठ्यांच्या स्वेटशर्टवर आणला. १९८३ मध्ये कीथ हॅरिंग या अमेरिकन चित्रकाराला बोलावून मिलानचं दुकान रिकामं करून दिलं आणि भिंतींपासून फर्निचरपर्यंत सगळं रंगवू दिलं. त्याच वर्षी स्टुडिओ ५४ मध्ये कंपनीच्या पंधराव्या वाढदिवसाला गायली ती मॅडोना, तेव्हा अजून पुरती नावारूपाला न आलेली. १९८४ मध्ये पानिनी या स्टिकर काढणाऱ्या इटालियन कंपनीने फिओरुच्चींच्या चित्रांचा स्टिकर अल्बम काढला. फुटबॉलपटूंची स्टिकर्स जमवणारी इटालियन पोरं आता एका कपड्याच्या ब्रँडची चित्रं चिकटवत होती, तीही पैसे देऊन.

पण याच काळात पाया ढासळत होता. मोंतेदिसोनकडची निम्मी मालकी १९८१ मध्ये बेनेटनकडे गेली, न्यूयॉर्कचं दुकान ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बंद पडलं, आणि १९८९ मध्ये कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. कारणं अनेक सांगतात. माझ्या मते मुख्य हे: फिओरुच्चींचा फायदा होता तो सगळ्यांच्या आधी शोधून आणण्यात, आणि ते कौशल्य एका दुकानात चालतं, चार खंडांत नाही. परवाने आणि शाखा वाढल्या की प्रत्येक ठिकाणी तोच माल लागतो, त्याची मागणी सहा महिने आधी नोंदवावी लागते, आणि तोवर तो शिळा होतो. दरम्यान बेनेटनसारख्यांनी तरुणांचा कपडा अधिक स्वस्तात, अधिक शिस्तीत पोहोचवायला सुरुवात केली होती.

१९९० मध्ये कंपनीने आपले ट्रेडमार्क एडविन या जपानी जीन्स कंपनीला विकले. स्वतःच्या नावाने दुकान काढणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. ‘फिओरुच्ची’ हे नुसतं दुकानाचं नाव नव्हतं, जिवंत माणसाचं आडनाव होतं. एडविनने १९९७ मध्ये ‘एलिओ फिओरुच्ची’ हे पूर्ण नावही युरोपीय ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केला. १९९९ मध्ये नोंदणी झाली. २००३ मध्ये फिओरुच्चींनी ती रद्द करण्याची मागणी केली. त्यांचा आधार होता इटलीच्या कायद्यातली तरतूद: प्रसिद्ध व्यक्तीचं नाव ट्रेडमार्क म्हणून फक्त ती व्यक्ती किंवा तिच्या संमतीने दुसरं कोणी नोंदवू शकतं. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि ५ जुलै २०११ रोजी एडविनचं अपील फेटाळलं गेलं. नाव आधीपासून धंद्यात वापरात होतं म्हणून व्यक्तीचा त्यावरचा हक्क संपतो असं नाही, असा त्याचा अर्थ.

मात्र दुसऱ्या बाजूने त्यांची हार झाली. २००३ मध्ये त्यांनी ‘लव्ह थेरपी’ नावाचा नवा ब्रँड सुरू केला होता आणि मालावर ‘एलिओ फिओरुच्ची यांचं’ अशा अर्थाची ओळ जात होती. २० जुलै २०१५ रोजी ते वारले. पुढच्या वर्षी इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की विकून टाकलेलं नाव, भले ते स्वतःचं असो, मालाची ओळख म्हणून असं वापरता येत नाही. नुसती माहिती म्हणून नाव सांगणं वेगळं, लेबलवर ओळख म्हणून छापणं वेगळं.

आपल्याकडेही याच रेषा आहेत. ट्रेड मार्क्स कायदा १९९९ च्या कलम १४ नुसार जिवंत व्यक्तीशी संबंध सुचवणाऱ्या नावाच्या नोंदणीसाठी निबंधक तिची लेखी संमती मागू शकतो, आणि कलम ३५ स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला संरक्षण देतं. पण तुम्हीच सही करून नाव विकलंत तर त्या संरक्षणाच्या भरवशावर राहू नका. भागीदार घेताना किंवा हिस्सा विकताना करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. विकलं जातंय ते फक्त आडनाव की पूर्ण नाव. मालाच्या प्रकारानुसार ट्रेडमार्कचे जे वर्ग असतात त्यांपैकी कुठल्या वर्गांत: कपडे आणि पादत्राणं वर्ग २५, बॅगा १८, अत्तर आणि सौंदर्यप्रसाधनं ३, चष्मे ९, स्टेशनरी १६, दुकानदारीची सेवा ३५. आणि बाहेर पडल्यावर नव्या ब्रँडखाली तुमचं नाव कोणत्या शब्दांत, किती मोठ्या अक्षरांत छापता येईल. त्याहून सोपा मार्ग म्हणजे दुकानाला स्वतःचं आडनाव न देणं.